फिलिपाइन्सची खरेदी आणि अमेरिकेंतला वाद
(खेड्यांतील एका वाचनालयांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी मराठी शाळेचा मास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत शिकलों तेवढीच माझी विद्या. तेव्हां “मास्तर, अमेरिकेच्या भानगडी आम्हांस कशाला?” असें कोणी विचारील, त्यास आधींच उत्तर देतों. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला तो कोणाला? काळ्या गुलामांस दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना. ज्यांच्यापुढें आपल्या महात्म्यानें हा नजराणा ठेवला, त्यांनींच पंचवीस वर्षांनीं सात हजारांवर बेटांचा मुलूख, आंतल्या माणसांसकट, विकत घेतला. त्यावर त्यांच्यांत जें भांडण झालें तें आज सांगावयाचें आहे.

१८९८ च्या एप्रिलांत अमेरिका व स्पेन यांची लढाई जुंपली. सांगणें असें कीं, स्पेनच्या जुलमाखालीं रगडलेल्या क्यूबाला सोडवावयाचें. पण १ मे रोजीं अमेरिकेच्या आरमारानें स्पेनचीं जहाजें बुडविलीं तीं पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, मनिलाच्या उपसागरांत. फिलिपाइन्सचे लोक आधींच स्पेनविरुद्ध उठले होते. त्यांचा पुढारी एमिलिओ आगिनाल्दो यानें १२ जूनला स्वातंत्र्य जाहीर केलें. डिसेंबरांत पॅरिसला तह झाला. अमेरिकेनें स्पेनला दोन कोटी डॉलर मोजून बेटें घेतलीं. आगिनाल्दोचा वकील फेलिपे आगोन्सिल्यो पॅरिसला गेला होता. त्याला बैठकींत घेतलें नाहीं. जमिनीचें खरेदीखत होत होतें, आणि कसणारा दाराबाहेर उभा!

एक मात्र मानलें पाहिजे कीं, हा व्यवहार मुकाट्यानें झाला नाहीं. बोस्टन शहरीं साम्राज्यविरोधी संघ निघाला. त्यांत पोलादाचा कोट्यधीश कार्नेगी होता, मजुरांचा पुढारी गॉम्पर्स होता. १८९६ सालीं मुंबईस येऊन गेलेला लेखक मार्क ट्वेन हाहि पुढें त्यांना मिळाला. सिनेटर होअर तर सरकारच्याच पक्षाचा. पण तो उघडपणें विरुद्ध बोलला. त्यांचें म्हणणें सरळ होतें. प्रजेच्या संमतीवांचून राज्य नाहीं, या तत्त्वावर आपलें राष्ट्र उभें राहिलें. मग मनिलांत संमती कोणाची घेतली?

प्रेसिडेंट मॅकिन्ले यांचा पक्ष म्हणे, ते लोक स्वतःचा कारभार करावयास लायक नाहींत, त्यांना सुधारावयाचें आहे. सिनेटर बेव्हरिज त्याहून मोकळ्या मनाचा. १९०० च्या जानेवारींत त्यानें भर सभेंत चीनच्या बाजाराचें नांव घेतलें! लायकीचा मुद्दा मात्र आपल्या कानाला नवा नाहीं. कुणब्याच्या पोराला अक्षर कशाला, असें विचारणारेहि लायकीच मोजीत होते, आणि मापहि त्यांच्याच हातीं होतें.

पण विरोध करणारे सगळे साधु होते असें समजूं नका. साउथ कॅरोलिनाचा सिनेटर टिलमन हाहि बेटें घेण्याविरुद्ध होता. कां? काळ्यांचा मताचा हक्क हिरावून घेण्यांत हाच पुढें होता. त्याला आणखी रंगीत लोक राज्यांत नको होते. गॉम्पर्सला स्वस्त मजुरांची भीति. एक म्हणे, ते हलके आहेत म्हणून राज्य करूं. दुसरा म्हणे, ते हलके आहेत म्हणून घरांत नको. भांडण दोघांचें, पण शिवी तिसऱ्यालाच.

६ फेब्रुवारी १८९९ रोजीं सिनेटनें तह मंजूर केला. मतें ५७ विरुद्ध २७. लागत होतें त्यापेक्षां एकच जास्त. दोन दिवस आधींच मनिलाजवळ गोळी सुटली होती. १९०० च्या निवडणुकींत ब्रायन यानें हा प्रश्न लोकांपुढें नेला व तो हरला. लढाई १९०२ पर्यंत चालली. अमेरिकेचे चार हजारांवर शिपाई मेले, फिलिपिनो लढवय्ये वीस हजारांवर. आणि लढाई, भूक व रोगराई यांनीं गेलेली रयत दोन लाखांपर्यंत धरतात.

या लढाईवर सरकारनें काळ्या शिपायांच्या पलटणीहि धाडल्या. ज्यांच्या वाडवडिलांच्या सुटकेबद्दल जोतीरावांनीं ग्रंथ अर्पण केला, तेच आतां दुसऱ्याला ताब्यांत आणावयास निघाले! त्यांतला चोविसाव्या पायदळाचा डेव्हिड फेगन १८९९ च्या नोव्हेंबरांत पलटण सोडून फिलिपिनोंना मिळाला व त्यांचा कप्तान होऊन लढला. फितूर म्हणून त्याच्या डोक्यावर इनाम लावलें. मी शाळेंत हा इतिहास सांगतों तेव्हां या माणसापाशीं अंमळ थांबतों. मुलें विचारतात, “गुरुजी, तो वाईट कीं चांगला?” मी म्हणतों, आधीं त्याच्या आजाला विचारून या.

अमेरिकेनें फिलिपाइन्सला स्वातंत्र्य दिलें तें ४ जुलै १९४६ रोजीं. दिवसहि आपल्याच स्वातंत्र्याचा नेमला. तिकडच्या लोकांनीं तो सोळा वर्षें पाळला. १९६२ सालीं त्यांनीं आपला स्वातंत्र्यदिन तेथून उचलून १२ जूनवर नेला.