लेकराला कुणाजवळ सोडू?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. सचिव म्हणाले, "काकू, तुम्ही भाडेकरू म्हणून आलात आणि सभासद झालात, त्यावर दोन शब्द बोला." म्हणून उभी राहिले.

जून 2003 मध्ये यांची लातूरहून नांदेडला बदली झाली. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. पहिलं घर यांनीच बघितलं, वजिराबादेत. ऑफिस जवळ, बाजार जवळ, भाडं कमी. आम्ही लातूरच्या गंजगोलाईजवळचे. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यामुळं गर्दीचं, आवाजाचं काही वाटलं नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, जिन्याला कठडा नव्हता. खाली दिवसभर मालाच्या गाड्या. लेकरं पळाली की खालून घरमालकाचा आवाज यायचा. दिवसभर "हळू, हळू" म्हणण्यातच माझा जीव जायचा.

एके दुपारी धाकटा जिन्यावरून पडला. कपाळातून रक्त येत होतं. हे ऑफिसात. डॉक्टर कुठं ते मला माहीत नाही, आणि त्याला घेऊन पळायचं तर मुलीला कुणाजवळ सोडू? शेजारी एकही दार असं नव्हतं, जे मी वाजवलं असतं. शेवटी दोघांना घेऊनच रिक्षात बसले. तीन टाके पडले. रिक्षात मुलीनं माझा पदर धरून ठेवला होता, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

त्या रात्री मी यांना म्हटलं, "आता घर मी बघणार."

मग मी घर बघायला सकाळी जायचं सोडून संध्याकाळी पाच वाजता जायला लागले, दोन्ही लेकरांना घेऊन. त्या वेळी वस्ती खरी दिसते. लेकरं बाहेर आहेत का, बाया ओट्यावर बसतात का, गाड्या किती जोरात जातात. शाळेपर्यंत मुलीच्या पावलांनी चालून बघायचे. आपल्याला दहा मिनिटं लागतात, तिथं लेकराला वीस लागतात. आणि आमच्या लातूरच्या माणसाला कुठल्याही घरात आधी नळ दिसतो. पाणी कधी येतं, किती वेळ येतं, उन्हाळ्यात काय करता, हे मी मालकाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारायचे. मालक सांगतो ते मार्गशीर्षातलं पाणी, ती सांगते ते वैशाखातलं.

अशीच एका संध्याकाळी या फाटकातून आत आले. आपली सोसायटी तेव्हा तीन वर्षांची. झाडं गुडघ्याएवढी होती. बाकावर बसलेल्या एका आजींनी लगेच विचारलं, "कोण गं तू? कुणाकडं आलीस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेकरं इथं खेळू दे माझ्यापाशी. तू वर जाऊन घर बघून ये." मी वर गेले आणि घर न बघता गॅलरीतून खालीच बघत राहिले. मुलगा त्यांच्या मांडीवर बसला होता. स्वयंपाकघर अंधारं होतं, भाडं तीनशे रुपयांनी जास्त होतं. खाली येऊन मी यांना फोन केला, घर मिळालं म्हणून.

त्या आजी आज नाहीत. पण "कुणाकडं आलीस?" या त्यांच्या प्रश्नाची राखण माझ्या लेकरांना मोठं होईपर्यंत पुरली. ऑगस्ट 2006 मध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा सखल भागातली माझी एक मैत्रीण दोन लेकरं घेऊन आमच्याकडं आली. चार दिवस तिच्या लेकरांना कुठल्या घरी जेवण मिळालं, ते मला मोजता आलं नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे इथं आले, तेव्हाही सासऱ्यांना बाकावर जागा आधीच करून ठेवलेली होती.

आता माझी मुलगी पुण्यात भाड्याचं घर शोधतेय. तिला तीन वर्षांची लेक आहे. एक घर हिंजवडीला, ऑफिसजवळ, उंच इमारतीत. दुसरं कोथरूडला, जुन्या इमारतीत. मला फोन करून विचारते, "आई, कुठलं घेऊ?" मी म्हटलं, बाई, मला पुणं कळत नाही. पण संध्याकाळी पाचला लेकराला घेऊन जा. वॉचमनला टँकरचं विचार. करार लेखी आणि नोंदणी केलेलाच कर. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि पुढं शाळेत पत्त्याचा पुरावा मागतात तेव्हा तोच कागद कामी येतो. आणि शेवटी स्वतःला विचार, की दुपारी दोन वाजता काही झालं, तर लेकराला कुणाजवळ सोडशील?

परवा तिचा पुन्हा फोन आला. एका सोसायटीत तिला म्हणाले, "लहान मूल असेल तर नको, आवाज होतो." ती रडत होती. मी तिची समजूत घातली आणि फोन ठेवला. मग मला आपली मागची सभा आठवली.

त्या सभेत लातूरहून बदली होऊन आलेल्या एका जोडप्याचा विषय निघाला होता. त्यांना दोन लहान लेकरं. कुणी म्हणालं, फ्लॅट क्लासच्या मुलांना द्यावा, कॉटप्रमाणे भाडं जास्त येतं. कुणी म्हणालं, लेकरांचा बॉल गाड्यांना लागतो. क्लासची मुलंही कुणाची तरी लेकरंच आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या जोडप्याला आपण नाही म्हणालो. आणि मी, जी याच फाटकातून तशीच आत आले होते, मी त्या सभेत गप्प बसले. माझ्याही गाडीला मागं बॉल लागला होता, हे खरं कारण. आज सगळ्यांसमोर कबूल करते.

आपल्याला पंचवीस वर्षं झाली. आपली लेकरं पुण्याला, हैदराबादला, परदेशात गेली. तिथं ती सगळी कुणाच्या तरी दारात भाडेकरू म्हणून उभी आहेत. तिथल्या लोकांनी त्यांना आत घ्यावं असं आपल्याला वाटतं. मग आपल्या फाटकाशी कोण उभं आहे, तेही बघायला नको का?

माझी विनंती एवढीच, की तो विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा. संध्याकाळी पाच ते सात गाड्या मागच्या बाजूला लावू, पुढचं अंगण लेकरांना देऊ. माझी गाडी आजपासून मागं लागेल. आणि ते जोडपं अजून घर शोधत असेल, तर त्यांना आपण होऊन फोन करू. त्यांची लेकरं दुपारी माझ्याकडं बसतील. बाक तोच आहे, आजींची जागा रिकामी आहे. आता मीही आजी झाले आहे.

काही चुकलं असेल तर माफ करा. एवढं बोलून माझे दोन शब्द संपवते.