आई, मी आणि 6 ची फ्लाइट

आज माल्टा ट्रिपचा फक्त पहिला दिवस सांगतो. आणि त्यात मी केलेला गाढवपणा.

फ्रँकफर्टहून सकाळी 6 ची फ्लाइट घेतली. का? तर स्वस्त. म्हणजे रात्री 2 ला उठायचं. पुण्याहून आलेल्या आईने तर डोळाच लावला नाही. "एकदा झोपले की उठवणार नाही रे मला."

साडेआठला उतरलो. रूम मिळणार दुपारी 3 ला! बुकिंग करताना मी ते वाचलंच नव्हतं.

बसने व्हॅलेटाला गेलो. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून. 1964 पर्यंत ब्रिटिशच होते ना तिथे. पण गावभर चढ आणि पायऱ्या. मी हातात लिस्ट घेऊन पुढे. एका जिन्यावर आई थांबली, पाय सुजलेले. आणि मी चिडलो, "अगं, अजून काहीच पाहिलं नाही आपण!" ती गप्प. ते मला अजून खुपतं.

शेवटी अप्पर बाराक्का बागेत बसलो. खाली निळंशार बंदर, पलीकडे पिवळट दगडाचे किल्ले. मटार भरलेल्या पास्तिझी घेतल्या. आई म्हणाली, "करंजीच की ही, मिरची विसरलेली." खाल्ली आणि माझ्या खांद्यावर झोपली.

बरोबर 12 ला बागेखालची तोफ धडाडली. रोज उडवतात, मी वाचलेलंही होतं. आई दचकून उठली.

"इतक्या लांब आणून आईवर तोफ डागतोस होय रे?"

लिस्ट तिथेच खिशात गेली. 3 पर्यंत आम्ही त्या बाकावरून हललो नाही.