मुलाला काहीच नाही, काकांना दोन सुया
(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



आपली सहल आंबागडच्या किल्ल्यावर गेली तेव्हा दोघं जण पडले. एक सातवीतला मुलगा, दुसरे सत्तरीतले काका. दगड तोच, शेणमाती तीच, जखमा दोघांच्याही खोल. पण दवाखान्यात मुलाची जखम धुऊन नुसती पट्टी बांधली आणि काकांना मात्र दोन सुया टोचल्या. तेव्हापासून जिन्यात जो भेटेल तो मला विचारतो, "असं कसं हो?"

आधी एक गैरसमज काढून टाकू. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि गुरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षं पडून असतात. गंजका खिळा असो की रोवणीच्या चिखलातला काटा, खोल जखमेत हवा पोचली नाही की ते जागे होतात आणि विष तयार करतात. जंतू जखमेतच राहतात, विष मात्र मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढतं. स्नायूंना 'आता सैल हो' असा जो निरोप मिळतो, तोच ते अडवतं. मग दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखं वाकतं. माणूस मारायला हे विष मिठाच्या एका कणाहूनही कितीतरी कमी पुरतं. इतकं कमी, की शरीराच्या रक्षक पेशींना त्याची नीट ओळखही पटत नाही. म्हणूनच धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुढे लस घ्यावीच लागते. गोवरासारखं एकदा झालं आणि सुटलो, असं इथे नाही.

लस म्हणजे हेच विष, पण निर्विष केलेलं आणि पेशींना ओळख पटेल एवढ्या मात्रेत दिलेलं. ही ओळख किती लवकर पटते आणि किती टिकते, ते वयावर असतं.

तान्ह्या बाळाच्या पेशी अगदी नवख्या. पहिले काही महिने ते आईकडून वारेतून आलेल्या प्रतिपिंडांवर निभावतं, म्हणून गरोदरपणी आईला टीडीची लस देतात. पूर्वी नाळ विळ्याने कापायचे, तिला शेण नाहीतर राख लावायचे. बाळाचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो. पाचवीच्या पूजेला घरातल्या बायांच्या पोटात गोळा का येत असेल, त्याचं एक कारण मला तरी इथेच दिसतं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं मान्य केलं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी बाळ.

बाळाच्या पेशी एका डोसात शिकत नाहीत, म्हणून सहा, दहा, चौदा आठवडे, मग दीड वर्षाच्या सुमारास, मग पाच-सहाव्या वर्षी, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी उजळणी. आपल्या मुलाचा दहाव्या वर्षीचा डोस ताजा होता. म्हणून त्याचं पट्टीवर भागलं.

यात एक गंमत आहे. टीडीतला 'डी' म्हणजे घटसर्पाचा अंश. तो लहान बाळांच्या लशीत जास्त असतो आणि सात वर्षांपुढच्यांना मुद्दाम कमी देतात. औषधाचं एरवी उलटं असतं ना? पण आधी ओळख झालेल्या पेशी पूर्ण मात्रेवर अशा तुटून पडतात, की दंड सुजून येतो.

आता काका. सरकारी लसीकरण सुरू झालं १९७८ साली. आज जे सत्तरीत आहेत, त्यांचं बालपण तोवर संपलं होतं. बायकांना निदान बाळंतपणात डोस मिळाले, पुरुष तसेच राहिले. त्यातच नव्या 'टी' पेशी तयार करणारी छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयात आल्यापासून आक्रसत जाते. म्हातारपणी जुन्या ओळखी टिकून असतात, नव्या जुळायला वेळ लागतो. काकांना आधीचे डोस आठवेनात, जखम खोल आणि मळलेली. नुसत्या लशीने प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे लागले असते, म्हणून एक सुई लशीची आणि दुसरी तयार प्रतिपिंडांची.

असंच तापाचंही आहे. इतर जंतूंच्या विषांनी तरुण माणूस तापाने फणफणतो. आजोबांना मात्र कधीकधी तापच येत नाही. ते जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात, पलंगावरून उतरताना पडतात. 'वयच झालं' म्हणून झोपवून ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी तसंच.

ज्यांनी धनुर्वाताची लस कधीच घेतली नाही, त्यांना तीन डोस लागतात : पहिला, महिन्याने दुसरा, आणि सहा महिने ते वर्षभरात तिसरा. पुढे दर दहा वर्षांनी एक. मध्येच एखादा राहिला, तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा.