फोटो कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे काम कॅमेऱ्यामागे उभे राहण्याचे. पुढे येऊन बोलण्याची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही कशा फसलात तेवढे सांगा. आपल्या मुली आता या धंद्यात पडू लागल्या आहेत, त्यांना उपयोग होईल." म्हणून उभी राहिले.

मी कोणाच्या नोकरीत नाही. बोलावणे येईल तसे फोटो काढून देते. काही वर्षांपूर्वी मसाले-पापड विकणाऱ्या एका कंपनीला पापड लाटणाऱ्या बायकांचे फोटो हवे होते. वार्षिक अहवालासाठी, असे सांगितले. बोलणे सगळे फोनवर झाले. दोन दिवसांचे आठ हजार रुपये ठरले. दिव्यांचे भाडे, गाडीखर्च आणि मदतनीस मुलीची मजुरी यांतच साडेचार हजार गेले. पुढे चार रात्री जागून फोटो निवडले, नीट केले, ते हिशेबात धरलेच नाही. पैसे हाती आले चार महिन्यांनी, तेही खेपा घालून.

पुढच्या वर्षी वाण्याकडे गेले, तो पापडाच्या पुड्यावर माझाच फोटो! दिवाळीनंतर तोच कॅलेंडरवर. नाव नाही, पैसा नाही. तावातावाने फोन केला. उत्तर आले, "बाई, पैसे दिले, फोटो आमचा."

कायदा माझ्या बाजूचा असणार अशा खात्रीने वकिलांकडे गेले. त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा पुढे ठेवला. फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता, आणि सामान्यतः कर्ता हाच पहिला मालक. पण १७ व्या कलमात मेख आहे. कोणी सांगून आणि मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास पहिला मालक तो काढवून घेणारा! "उलट करार आहे का?" वकिलांनी विचारले. माझ्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता.

एक गोष्ट मात्र उरली होती. ५७ व्या कलमाप्रमाणे, मालकी दुसऱ्याची झाली तरी "हे माझे काम" असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क जात नाही. तेवढ्या आधारावर पत्र लिहिले, आणि पुढच्या कॅलेंडरवर बारीक अक्षरांत का होईना, माझे नाव आले.

नावाला काय चाटायचे आहे, असे कोणी म्हणेल. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण नाव नसेल तर पुढचे काम कोणाला मिळणार?

१९४७ साली रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ वगैरे छायाचित्रकारांनी मिळून 'मॅग्नम' ही सहकारी संस्था काढली. मासिकाला फोटो छापू द्यायचा, पण मालकी आपल्याकडे ठेवायची, हे त्यांचे सूत्र. घर भाड्याने दिले म्हणून कोणी सातबारा भाडेकऱ्याच्या नावे करून देत नाही, तसेच हे.

तेव्हा मुलींनो, बटण दाबण्यापूर्वी एक कागद करा. काम किती दिवसांचे, फोटो कशासाठी, किती काळ, कुठे वापरणार, पुड्यावर किंवा कॅलेंडरवर वापरल्यास वेगळे पैसे, कॉपीराइट माझा, फोटोखाली नाव, खर्च निराळा, काही रक्कम आगाऊ, बाकीची अमुक तारखेस. आणि दोघांच्या सह्या. मालकी द्यायचीच असेल तर किंमत तशी घ्या. ते लेखी आणि तुमच्या सहीनेच व्हावे लागते. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो. आपल्या धंद्याची 'उद्यम' नोंदणी करून ठेवा. २००६ च्या लघुउद्योग कायद्याने अशा नोंदलेल्या छोट्या धंद्याचे पैसे पंचेचाळीस दिवसांपलीकडे अडकवले तर व्याज द्यावे लागते.

कागद मागितला की माणूस दुरावतो, असे मला वाटे. अनुभव उलटा आला. चांगला माणूस खुशाल सही करतो. जो करीत नाही, तो आधीच कळतो.

आता एक माझ्या पदरची चूक. पुड्यावर हसणाऱ्या त्या आजीला तरी मी कुठे विचारले होते? आता फोटो कुठे छापला जाणार ते सांगून मी आधी संमती घेते.

आणि भगिनींनो, मंडळाच्या गेल्या स्मरणिकेत सहलीचे सुंदर फोटो होते. "घरचीच मुलगी" म्हणून आपण तिला चहा दिला. नाव छापायचे विसरलो. यंदा नाव छापू या, आणि पाकीटही देऊ या. एवढे झाले तर माझे बोलणे कामी आले असे मी समजेन.