वनरक्षकाचे श्रम आणि शाळेतील धडा

(शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील शाळकरी मुलाला वाघ ठाऊक असतो. तो राष्ट्रीय प्राणी आहे, अन्नसाखळीच्या शिखरावर आहे, तो टिकला तर जंगल टिकेल, हे त्याने परीक्षेत लिहिलेले असते. शाळेची सहल ताडोब्याहून परतली की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : वाघ दिसला का? त्या वाघाची वाट रोज पायी तुडविणारा माणूस दिसला का, असे मात्र कोणी विचारीत नाही. ही उणीव वरवर किरकोळ वाटते. वस्तुतः ती आपल्या शिक्षणाच्या एका जुन्या रोगाची खूण आहे. वस्तू शिकवायची आणि ती निर्माण करणारे वा राखणारे श्रम दृष्टीआड ठेवायचे, असा हा रोग आहे. पर्यावरणशिक्षण सक्तीचे करावे असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. त्यानंतर वर्गात झाडे आली, पक्षी आले, ओझोनचा थर आला. वनरक्षक मात्र वर्गाबाहेरच राहिला.

हा वनरक्षक कोण? महाराष्ट्राच्या एकूण भूमीपैकी सुमारे २० टक्के भूमी वन म्हणून नोंदलेली आहे. तिची वाटणी परिक्षेत्रांत, परिक्षेत्राची वर्तुळांत आणि वर्तुळाची नियतक्षेत्रांत केलेली असते. परिक्षेत्र वनक्षेत्रपालाकडे, वर्तुळ वनपालाकडे आणि नियतक्षेत्र वनरक्षकाकडे. कायदा दिल्ली-मुंबईत होतो, खात्याचे मुख्यालय नागपुरास आहे. परंतु प्रत्यक्ष जंगलात पाऊल पडते ते वनरक्षकाचे आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या रोजंदारीच्या वनमजुराचे. आता या नोकरीत स्त्रियाही मोठ्या संख्येने आल्या आहेत. तेव्हा धड्यातील चित्र केवळ मिशीवाल्या शिपायाचे असून चालणार नाही.

त्याच्या कामाचे वर्ष ऋतूंप्रमाणे फिरते. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करावयाच्या, म्हणजे पेटलेल्या आगीला पुढे सरकण्यास पाला मिळू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. या काळात धूर दिसेल तिकडे धावायचे आणि हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवायची. पाणवठे आटले की तेथे पाणी पोहोचवायचे. पावसाळ्यात रोपवने जगवायची आणि चिखलातून गस्त घालायची. सागाचे ताजे थूट दिसले की ते मोजायचे, वनगुन्हा नोंदवायचा आणि पुढे न्यायालयात साक्षीसाठी खेटे घालायचे. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले किंवा वाघाने बैल मारला, तर पंचनाम्यासाठी तोच हजर. भरपाईचा दर तो ठरवीत नाही, रक्कम कधी मिळेल हे त्याच्या हाती नसते. शेतकऱ्याचा संताप मात्र त्यालाच झेलावा लागतो. शासन ज्या रूपाने जंगलातील गावाला रोज भेटते, ते रूप त्याचे आहे.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा विचार मुलांपुढे ठेवता येईल. गिरणीकामगाराने विणलेले कापड वाराने मोजता येते, शेतकऱ्याने पिकविलेली ज्वारी पोत्यांत मोजता येते. वनरक्षकाच्या श्रमाचे फळ म्हणजे काही न घडणे. झाड तुटले नाही, आग पसरली नाही, फास लागला नाही. न घडलेल्या घटनेला बाजारात भाव नसतो आणि अहवालात रकाना नसतो. म्हणून हे श्रम स्वस्त मानले जातात. आरोग्यसेविका आणि सफाई कामगार यांचीही हीच कथा आहे. जे टळले त्याचीही किंमत कोणीतरी मोजलेली असते, एवढे जरी आठवीच्या विद्यार्थ्याला उमगले, तरी त्याने समाजाचे अर्थशास्त्र शिकण्यास आरंभ केला असे म्हणता येईल.

ज्या आकड्यांचा आपल्याला अभिमान वाटतो, तेही याच पायांनी मिळविलेले आहेत. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. हे आकडे स्पर्धापरीक्षेची मुले घडाघडा म्हणतात. परंतु त्यांमागे स्वयंचलित कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांच्याही आधी वनरक्षकाची पायपीट आहे. आपल्या नियतक्षेत्रात ठराविक वाटांवरून दिवसामागून दिवस चालत वाघ-बिबट्यांचे ठसे, विष्ठा, ओरखडे यांची नोंद करायची. नंतर आखलेल्या सरळ रेषेवरून चालत चितळ, सांबर, रानगवे मोजायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात अशाच पाहणीसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. पर्यटक जेथे उघड्या मोटारीतून जातात, तेथे ती पायी चालत होती. ४४४ हा आकडा शिकविताना ही घटना सांगितली नाही, तर आकडा खरा असूनही धडा अपुरा राहतो.

मात्र एका अपुऱ्या धड्याच्या जागी दुसरा अपुरा धडा नको. वनरक्षकाला देवत्व देऊन त्याच्या गणवेशाची भक्ती शिकविणे सोपे आहे; पण ते लोकशिक्षण नव्हे. जंगलखात्याचा जन्म परकीय सत्तेच्या महसुलासाठी झाला. शेतकऱ्यांची गायराने या खात्याने गिळली, अशी तक्रार महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. स्वातंत्र्यानंतरही १९२७ चा वन कायदा कायम राहिला. मेळघाटातील कोरकू मुलाच्या घरी वनरक्षकाची आठवण कित्येकदा जप्त केलेल्या कुऱ्हाडीशी जोडलेली असते, आणि व्याघ्रप्रकल्पासाठी ज्यांची गावे उठली, त्यांच्या मुलांना ही कथा पुस्तकातून शिकावी लागत नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने या ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली, आणि २००९ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे जंगल राखण्याची जबाबदारी ग्रामसभेने घेतली आहे. म्हणजे राखणदार हा खाकीतलाच असतो असे नाही, हेही मुलांना कळले पाहिजे.

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाल्या. कोलाऱ्याची वनरक्षक आणि सिंदेवाहीच्या या तिघी यांना आपण दोन निरनिराळ्या पक्षांत बसवितो : एक जंगल राखणारी, दुसऱ्या जंगलात शिरणाऱ्या. वस्तुतः चौघीही पोटासाठी पायी जंगलात गेलेल्या श्रमिक स्त्रिया होत्या. त्यांना एकाच धड्यात आणणे, हीच या विषयाच्या शिक्षणाची कसोटी आहे.

हे करावयाचे कसे? त्यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तकही नको. परिसर अभ्यास आहे, नागरिकशास्त्र आहे, भूगोल आहे, गणित आहे. ज्या शाळेजवळ जंगल आहे, तिने एका नियतक्षेत्राचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. त्यावर पाणवठे, जाळरेषा, गुरांच्या वाटा, मोहाची झाडे दाखवावीत. वनरक्षक आणि वनमजूर या दोघांना वर्गात बोलवावे, आणि त्याच तासाला गावातील मोह वेचणारी एखादी वृद्धाही बोलवावी. मुलांनी तिघांनाही विचारावे : दिवसाला किती चालता? किती मिळते? कशाची भीती वाटते? एकमेकांविषयी काय वाटते? उत्तरे जुळणार नाहीत. ती न जुळणे म्हणजेच नागरिकशास्त्राचा आरंभ होय. शहरातील शाळेने सहलीत एक तास वाघाऐवजी वनरक्षकाच्या चौकीसाठी राखून ठेवावा. रात्रीचा उजेड, पिण्याचे पाणी, दवाखान्याचे अंतर यांची नोंद मुलांनी करावी. मराठीच्या तासाला मारुती चितमपल्ली वाचावेत. वनाधिकारी म्हणून १९९० साली निवृत्त झालेल्या आणि २०२५ साली निवर्तलेल्या या लेखकाने पुस्तकी ज्ञानाइतकेच आदिवासींकडूनही रान शिकून घेतले. त्यांच्या लेखनात हाताखालच्या माणसांनाही मान आहे.

काही शिक्षकांना वाटेल, लहान मुलांपुढे मृत्यू, मजुरी, अन्याय हे विषय कशाला? परंतु खेड्यातील मुलापुढे ते आधीच आहेत. केवळ शहरातील मुलापासून ते लपविणे म्हणजे विषमतेला वर्गात बाक देणे होय. शिवाय आज वर्गात बसलेल्यांपैकीच कोणी उद्या वनरक्षक होईल, कोणी वनमजूर, कोणी ग्रामसभेची सदस्य आणि कोणी मंत्रालयात बसून भरपाईचा दर ठरवील. हे सारे पुढे जंगलात एकमेकांना भेटणारच आहेत. ती पहिली भेट पंचनाम्याच्या वेळी, रागाच्या भरात होण्याऐवजी शाळेच्या वर्गात व्हावी. एवढे करण्यास कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सहलीपासूनच आरंभ करता येईल.