चिप-कंपन्यांचे शेअर आणि आपली पुंजी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी ह्या विषयाची सूचना केली तेव्हा मला प्रथम नवल वाटले. परंतु आपल्या तरुण मंडळींच्या तोंडी हल्ली सोन्याच्या भावापेक्षा एन्‌व्हिडियाचा भाव अधिक असतो, हे ध्यानी घेता निवड यथोचितच म्हणावी लागेल. शिवाय शिष्यवृत्ती-निधीतील काही रक्कम अशा शेअरांत गुंतवावी, अशी लेखी सूचनाही मंडळाकडे आली आहे. तेव्हा हा केवळ कुतूहलाचा प्रश्न उरलेला नाही.

हा धंदा समजण्यास आपल्या पेढीचाच दाखला पुरेसा आहे. नक्षी एकाने काढावी, घडणावळ घेऊन दागिना दुसऱ्याने घडवावा आणि घडविणाऱ्याची हत्यारे तिसऱ्याने करावीत, अशी ही वाटणी होय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक-केंद्रांना लागणाऱ्या चिपांची रचना १९९३ साली स्थापन झालेली अमेरिकेतील एन्‌व्हिडिया करते; तिचा स्वतःचा चिप-कारखाना नाही. घडणावळीचे काम तैवानची टीएसएमसी करते. ही कंपनी मॉरिस चँग ह्यांनी १९८७ साली काढली. तिला लागणारी, अतिनील प्रकाशाने अत्यंत सूक्ष्म रेषा उमटविणारी यंत्रे नेदरलंड्सची एएसएमएल बनविते, आणि ह्या जातीचे सर्वांत प्रगत यंत्र जगात दुसरे कोणी विकीत नाही. स्मृती-चिपा पुरविणाऱ्या कोरियाच्या एसके हायनिक्स व अमेरिकेच्या मायक्रॉन ह्या कंपन्या निराळ्या.

ही सारी हवाच आहे असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. जानेवारी २०२३ अखेरच्या वर्षात एन्‌व्हिडियाची विक्री सुमारे २७ अब्ज डॉलर होती. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात ती सुमारे १३०.५ अब्ज झाली. माल खरा आहे, नफाही खरा आहे. मात्र गिऱ्हाइके पाहा. त्या वर्षीच्या विक्रीचा सुमारे एक-तृतीयांश हिस्सा अवघ्या तीन थेट ग्राहकांकडून आला. जी पेढी तीन यजमानांच्या लग्नकार्यांवर चालते, तिला लग्नसराईची भरभराट आणि कायमची बरकत ह्यांतील भेद सांगावा लागत नाही! ह्या चिपांसाठी अखेर पैसा ओतणाऱ्या मोठ्या कंपन्याही मोजक्याच. मायक्रोसॉफ्टने जून २०२५ अखेरच्या एका वर्षासाठी अशा केंद्रांवर सुमारे ८० अब्ज डॉलर खर्चाचा संकल्प सांगितला होता. असा एखादा यजमान वर्षभर थांबला, तर त्याचा धक्का रचनाकारापासून हत्यारवाल्यापर्यंत सर्वांना पोहोचतो.

धक्का कसा असतो, हे २७ जानेवारी २०२५ रोजी दिसले. चीनमधील डीपसीकने स्वस्तात काम साधल्याची वार्ता पसरली आणि एन्‌व्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के उतरला. पुढे तो सावरला, हे खरे. पण दागिने गहाण टाकून घेणाऱ्यास सावरेपर्यंत थांबण्याची मुभा नसते. मायक्रॉनची विक्री २०२२ च्या तुलनेत २०२३ च्या हिशेबी वर्षात जवळजवळ निम्मी झाली आणि कंपनीस ५ अब्ज डॉलरहून अधिक तोटा आला. दोनच वर्षांनी तिने विक्रीचा उच्चांक गाठला. ह्या धंद्यात असे चढउतार चालतच आले आहेत.

परंतु मला सर्वांत विचारार्ह वाटते ते सिस्कोचे उदाहरण. इंटरनेटची उपकरणे पुरविणारी ही कंपनी मार्च २००० मध्ये काही काळ बाजारमूल्याने जगात पहिली ठरली. इंटरनेटविषयीचे भाकीत खोटे ठरले काय? मुळीच नाही. कंपनी बुडाली काय? तेही नाही, तिची विक्री पुढे दुपटीहून अधिक झाली. तथापि २००२ पर्यंत शेअरचे मूल्य चार-पंचमांशाहून अधिक घटले, आणि शिखरावर घेणाऱ्यास तो भाव पुन्हा दिसण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. कस उत्तम होता. खरेदीचा भाव चुकला. पंचवीस वर्षांत एखाद्याची मुलगी शाळेत जाऊन, शिकून, संसाराला लागते.

ज्यांना आपल्या शिलकीतून घ्यावयाचे असेल त्यांनी खुशाल घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार व्यक्तीस वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठविता येतात; आयकराच्या विवरणपत्रात मात्र ही मालमत्ता निराळ्या तक्त्यात दाखविणे बंधनकारक आहे. एक गोष्ट घरातील स्त्रियांनी विशेष ऐकावी: अमेरिकी कंपन्यांचे शेअर मागे ठेवून परदेशी धारक वारल्यास, ६० हजार डॉलरच्या वरील मूल्यावर तेथील वारसाकर लागू शकतो, आणि त्याबाबत भारताचा अमेरिकेशी करार नाही. हे शेअर कोठे व किती आहेत, हे पत्नीस लिहून ठेवलेले असावे.

आता मंडळाच्या निधीविषयी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ३५ व्या कलमान्वये हा पैसा मुख्यतः बँकांत व सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. त्यापलीकडे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. परवानगी मिळाली तरी, जून महिन्यात विद्यार्थ्याची फी भरावयाची असताना बाजार सावरण्याची वाट पाहता येणार नाही. म्हणून ती रक्कम ठेवींतच राहावी, असे माझे मत मी कार्यकारी मंडळास लेखी कळविले आहे. सूचना करणाऱ्या तरुण बंधूंनी येत्या सर्वसाधारण सभेत त्यास अवश्य उत्तर द्यावे.