पेन्शन आणि घरची शिल्लक

म्हातारपणी सरकार पेन्शन देणारच असेल, तर तरुणपणी पोटाला चिमटा कोण काढणार? 1974 साली अर्थतज्ज्ञ मार्टिन फेल्डस्टाइन यांनी हिशेब मांडला: सामाजिक सुरक्षा या सरकारी पेन्शन योजनेमुळे अमेरिकेतली वैयक्तिक बचत 30 ते 50 टक्क्यांनी घटते. पुढे 1980 मध्ये त्याच योजनेच्या खात्यातल्या दोघा संशोधकांनी आकडेमोड पुन्हा तपासली, आणि चूक निघाली चक्क संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये! फेल्डस्टाइन यांनी ती दुरुस्त केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही. गंमत म्हणजे उलटी बाजूही त्यांनीच सांगितली होती. पेन्शनच्या भरवशावर माणूस लवकर निवृत्त होतो, मग बिनपगारी वर्षं वाढतात, त्यांच्यासाठी जास्त साठवावं लागतं. प्रत्यक्ष उदाहरण पाहायचं तर, इटलीत 1992 साली पेन्शनला कात्री लागली, तेव्हा झळ बसलेल्या घरांची बचत वाढलेली दिसली. पण पेन्शनमधून गेलेल्या प्रत्येक लिऱ्यामागे (तिथलं तेव्हाचं चलन) बचतीत पूर्ण लिरा भरून निघाला, असं नाही.